भलत्या जागी उगवलेला दात: शस्त्रक्रियेच्या सेवेचं परीक्षण

टाळूत आडवा झोपलेला सुळा, नाकाच्या तळाकडे तोंड करून उलटा राहिलेला जादा दात, गालामागच्या सायनसमध्ये, म्हणजे हाडातल्या हवेच्या पोकळीत, चढून बसलेली अक्कलदाढ, हनुवटीच्या हाडात मधली रेषा ओलांडून पलीकडे गेलेला खालचा सुळा. या सगळ्यांना रुग्णाच्या कागदावर एकच उपाय लिहिलेला असतो: छोटी शस्त्रक्रिया. प्रत्यक्षात त्या नावाखाली पाच-सहा अगदी वेगळ्या सेवा मिळतात आणि त्यांचा दर्जा सारखा नसतो. आमचा कौल आधीच सांगतो. किशोरवयात वरचा सुळा उघडा करून तारेनं जागेवर आणणं ही दंतशस्त्रक्रियेतली सर्वांत समाधान देणारी सेवा आहे. नाकातला दात दुर्बिणीतून काढणं हेही तितकंच चोख काम. उलट, हाडात खोल गप्प पडलेला आणि कुणालाही त्रास न देणारा दात केवळ फोटोत दिसला म्हणून काढणं हे या क्षेत्रातलं सर्वांत अनावश्यक काम आहे, आणि ते सर्रास होतं.

या सेवेचा निम्म्याहून अधिक दर्जा चीर देण्याआधीच ठरून गेलेला असतो, म्हणून परीक्षण तिथूनच सुरू करावं लागेल.

दात वाट चुकतो कसा

वरच्या सुळ्याचा अंकुर खूप उंचावर, नाकाच्या बाजूला तयार होतो. तोंडात येईपर्यंत त्याला इतर कुठल्याही दातापेक्षा लांबची वाट चालावी लागते. या वाटेवर शेजारच्या, म्हणजे दुसऱ्या पटाशीच्या दाताचं मूळ त्याला कठड्यासारखं धरून खाली आणतं. तो दात जन्मतःच नसेल, किंवा बारीक खुंटीएवढाच असेल, तर सुळा टाळूकडे घसरतो. दातांच्या कमानीत जागाच नसेल तर तो बहुधा ओठाच्या बाजूला फुगतो. कारण वेगळं असल्यामुळे उपायही वेगळा. शंभरातल्या साधारण दोघांचा वरचा सुळा असा अडकतो, मुलींमध्ये जास्त. अक्कलदाढा सोडल्या तर अडकणाऱ्या दातांत त्याचाच क्रमांक पहिला.

जादा दातांमध्ये दोन मधल्या पटाशीच्या दातांच्या बेचक्यात येणारा ‘मेसिओडेन्स’ सर्वाधिक दिसतो आणि तो मुलग्यांमध्ये जास्त. दाढ सायनसच्या छताशी किंवा खालच्या जबड्याच्या सांध्याजवळ सापडते तेव्हा तिच्या मुकुटाभोवती, म्हणजे दाताच्या वरच्या इनॅमलच्या भागाभोवती, बहुतेकदा पाण्याची गाठ, म्हणजे डेन्टिजेरस सिस्ट असते. ती गाठ फुगत जाते आणि दाताला पुढे ढकलत नेते. अशा वेळी खरा आजार गाठीचा असतो, दात तिच्याबरोबर वाहत गेलेला असतो.

एका गोष्टीकडे चांगल्या डॉक्टरांचं लक्ष हमखास जातं. एकाच माणसाच्या जबड्यात अनेक जादा दात असतील तर क्लायडोक्रेनियल डिस्प्लेसिया (हाडांच्या वाढीचा जन्मजात दोष) किंवा गार्डनर सिंड्रोम या आनुवंशिक आजारांचा विचार व्हायला हवा. गार्डनरमध्ये मोठ्या आतड्यात असंख्य पॉलिप येतात आणि त्यांचा पुढे कर्करोग होतो. जबड्याच्या एक्स-रेवरून आतड्याच्या तपासणीची चिठ्ठी देणाऱ्या दंतवैद्यानं त्या माणसाचा जीव वाचवलेला असू शकतो. अंडाशयाच्या डरमॉइड गाठीत सापडणारे दात मात्र या परीक्षणात येत नाहीत. तिथे अख्खी गाठ काढणं हाच उपचार असतो आणि ते काम स्त्रीरोगतज्ज्ञाचं.

दात नेमका कुठे आहे?

तपासणीची सुरुवात बोटानं होते. मूल नऊ-दहा वर्षांचं झालं की दुधाच्या सुळ्याच्या वर, ओठाखालच्या हिरडीवरून बोट फिरवायचं. दोन्हीकडे टणक उंचवटा लागायला हवा. एका बाजूला लागतो आणि दुसऱ्या बाजूला लागत नाही, तर फोटो काढण्याची वेळ झाली. हे करायला अर्धं मिनिट पुरतं. जिथे मुलांची तपासणी म्हणजे फक्त कीड शोधणं असा समज आहे, तिथे हेच अर्धं मिनिट वाचवलं जातं आणि सुळा तेराव्या-चौदाव्या वर्षी योगायोगानं सापडतो.

ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा सपाट एक्स-रे, दात आहे हे सांगतो. तो टाळूकडे आहे की ओठाकडे हे थेट सांगत नाही. जाणकार माणूस आकारावरून अंदाज बांधतो, कारण टाळूकडचा सुळा किरणांच्या उगमाजवळ असल्यानं दुसऱ्या बाजूच्या सुळ्यापेक्षा मोठा दिसतो. अंदाजावर चीर द्यायची नसते. १९१० साली क्लार्कनं सांगितलेली जुनी युक्ती अजूनही उपयोगी आहे: एकाच जागेचे दोन छोटे एक्स-रे घ्यायचे, दुसऱ्या वेळी एक्स-रे यंत्राची नळी बाजूला सरकवून. दात नळीच्याच दिशेनं सरकलेला दिसला तर तो टाळूकडे, उलट सरकला तर ओठाकडे.

शस्त्रक्रिया ठरत असेल तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, हवा, पण मोजका. एका सुळ्यासाठी साधारण ५ × ५ सेंटीमीटरचं क्षेत्र आणि ०.२ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक व्हॉक्सेल (चित्राचा सर्वांत लहान घन ठिपका) पुरेसं असतं. अख्ख्या डोक्याचा स्कॅन लिहून देणं म्हणजे मुलाला विनाकारण जास्त किरण देणं. आणि स्कॅन काढणं हे काम निम्मंच आहे, तो वाचणं उरतं. अहवालात या गोष्टी सापडायला हव्यात: मुकुटाचं टोक कुठल्या दाताच्या मुळाला भिडलंय, त्या मुळाची झीज झालीय का आणि किती खोल, अडकलेल्या दाताचं मूळ टोकाशी वाकडं आहे का, भोवतीची पिशवी तीनेक मिलिमीटरपेक्षा जास्त रुंद दिसते का, आणि नाकाचा तळ, सायनस किंवा खालच्या जबड्यातली नस किती दूर आहे. ‘सुळा अडकलेला आहे’ एवढाच अहवाल असेल तर तो परत पाठवावा. ते ओपीजीतही दिसलंच होतं. मुळाच्या झिजेचा मुद्दा तर सर्वांत महत्त्वाचा. सुळ्यानं शेजारच्या दाताचं मूळ खाल्लं तरी दुखत नाही, दात हलत नाही, आणि सपाट एक्स-रेत ही झीज पुष्कळदा लपून राहते.

चिरीविना सुटणारा प्रश्न

दहा ते तेरा वर्षांच्या मुलात सुळा टाळूकडे वळताना वेळेवर दिसला, तर दुधाचा सुळा काढून टाकणं हा सर्वांत लहान उपाय. स्वीडनच्या एरिक्सन आणि कुरोल यांनी १९८८ मध्ये मांडलेले आकडे आजही या निर्णयाचा आधार आहेत. त्यांच्या पाहणीत दुधाचा सुळा काढल्यावर ७८ टक्के सुळे आपोआप सुधारले. सुळ्याचं टोक शेजारच्या पटाशीच्या दाताच्या मुळाची मधली रेषा ओलांडून गेलेलं नसेल तर हे प्रमाण ९१ टक्के होतं, ओलांडलेलं असेल तर ६४. कमानीत जागा असणं ही अट मात्र आहे. जागा नसेल तर दुधाचा दात काढून काही साधत नाही. बारा महिन्यांत फोटोत सुळा हललेला दिसला नाही तर वाट पाहणं थांबवायचं. ‘अजून वर्षभर बघू’ हे वाक्य इथे दुसऱ्यांदा ऐकू आलं, तर ते शेजारच्या मुळाच्या जिवावर बोललेलं असतं.

उघडा करून ओढणं

ही सेवा दोन माणसांची आहे, शल्यविशारद आणि ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारा लावून दात सरकवणारा दंतवैद्य. दोघांनी मिळून आखणी केलेली नसेल तर तिथे शस्त्रक्रिया करून घेऊ नये असं आमचं ठाम मत आहे. आधी तारा बसवायच्या, सुळ्यासाठी साधारण ८ मिलिमीटर जागा मोकळी करायची, दात सरळ रेषेत आणायचे आणि जाड चौकोनी स्टीलची तार चढवायची. ही तार म्हणजे ओढण्याचा आधार. बारीक, लवचिक तारेवरून सुळा ओढला तर सुळा यायच्या ऐवजी शेजारचे दातच वर खेचले जातात. ‘आधी ऑपरेशन उरकून घ्या, तारांचं नंतर बघू’ असं सांगणाऱ्या ठिकाणी साखळी लावलेला दात महिनोन् महिने तसाच पडून राहतो, वरची हिरडी पुन्हा भरून येते, आणि दुसरी शस्त्रक्रिया ठरलेलीच.

समजूतदार मुलांत आणि मोठ्यांत जागेवर भूल देऊन काम होतं. सहसा २ टक्के लिग्नोकेन, अॅड्रेनालिनसह. टाळूच्या मागच्या आणि पुढच्या दोन्ही नसा बधिर कराव्या लागतात आणि ओठाच्या बाजूलाही सुई द्यावी लागते. सुईनंतर सात-दहा मिनिटं थांबणारा शल्यविशारद वेळ दवडत नसतो. अॅड्रेनालिननं रक्तवाहिन्या आकसायला तेवढा वेळ लागतो, आणि पुढे दात कोरडा ठेवण्याची सगळी मदार त्यावरच असते.

टाळूच्या सुळ्यासाठी चीर दातांच्या मागून, हिरडीच्या कडेकडेनं जाते: त्या बाजूच्या दुसऱ्या उपदाढेपासून मधली रेषा ओलांडून पलीकडच्या सुळ्यापर्यंत. टाळूवर उभा छेद देत नाहीत, कारण तिथून मोठी धमनी जाते. फ्लॅप, म्हणजे चिरीनं सुटलेला हिरडीचा पदर, उचलताना मधल्या दातांमागची छोटी नस कापावी लागली तर त्या जागेवर काही आठवडे बधिरपणा राहतो आणि बहुतेकांच्या लक्षातही न येता जातो. हे आधी सांगितलं गेलं पाहिजे. दातावरचं हाड बऱ्याचदा इतकं पातळ असतं की क्युरेटनं, म्हणजे खरवडायच्या हत्यारानं, निघतं. जाड असेल तर सावकाश फिरणारा गोल बर (ड्रिलचं टोक), त्यावर सतत सलाईनची धार. हवेच्या दाबावर चालणारा रोजचा हँडपीस इथे वापरू नये. ती हवा फ्लॅपखाली शिरून गाल आणि डोळ्याभोवतीचा भाग क्षणात फुगू शकतो.

कौशल्य कळतं ते किती हाड काढलं यावर. मुकुटाचा सर्वांत रुंद भाग दिसेपर्यंत काढायचं आणि थांबायचं. दाताच्या मानेपर्यंत, म्हणजे जिथे इनॅमल संपून मूळ सुरू होतं तिथपर्यंत, खोदत जाणं ही या शस्त्रक्रियेतली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. मानेशी पृष्ठभाग उघडा पडला की तिथे झीज सुरू होते, कधी दात हाडाला चिकटतो, आणि दात खाली आला तरी त्याच्याभोवतीचं हाड उणंच राहतं. दुसरी जुनी सवय म्हणजे दात ‘सुटतोय का’ हे पाहण्यासाठी एलिव्हेटरनं (दात उचकटण्याच्या हत्यारानं) ढिला करून ठेवणं. त्यानं दाताभोवतीचा तंतूंचा थर फाटतो आणि जी चिकटण्याची भीती होती तीच खरी ठरते.

मग दाताला ओढता यावं म्हणून त्याच्यावर छोटं बटण चिकटवणं. रक्त थांबेपर्यंत अॅड्रेनालिनमध्ये भिजवलेला गॉजचा बोळा दाबून धरायचा. ३७ टक्के फॉस्फोरिक अॅसिडचं जेल वीस-तीस सेकंद, सलाईननं धुणं, सक्शननं कोरडं करणं, बाँड, कंपोझिट, निळा प्रकाश. बटणाला सोनेरी बारीक साखळी. चिकटल्यावर तिथल्या तिथे जोरानं ओढून पाहायचं, कारण निसटायचं असेल तर ते टाके घालण्याआधी निसटलेलं बरं. बटण शक्यतो टोकाजवळ, मानेपासून दूर. फ्लॅप परत बसवून विरघळणारे टाके, साखळीचं टोक तारेला बांधलेलं. शेवटची पायरी पुष्कळ ठिकाणी गाळली जाते: दात उघडा असताना फोटो काढून, मुकुट कुठल्या दिशेला आहे आणि बटण कुठल्या पृष्ठभागावर आहे हे ऑर्थोडॉन्टिस्टला लिहून कळवणं. टाके घातल्यावर त्याला फक्त साखळीचं टोक दिसतं. माहितीविना ओढणं म्हणजे सुळा शेजारच्या मुळावर घासत नेणं.

फ्लॅप बंद करून साखळीनं ओढायचं की टाळूला खिडकी ठेवून दात उघडाच राखायचा, यावर शल्यविशारदांमध्ये हिरिरीनं वाद चालतात. २०१७ च्या कोक्रेन आढाव्याला, म्हणजे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणाऱ्या पाहणीला, टाळूकडच्या सुळ्यांत एका पद्धतीची बाजू घ्यावी असा पुरावा सापडला नाही. आमची पसंती अशी: दात वरवर असेल तर खिडकी, कारण दात डोळ्यांना दिसतो आणि बटण निसटलं तर खुर्चीतच परत लावता येतं. दात खोल असेल तर बंद पद्धत, कारण खोल खिडकी भरून येते. खिडकीत पॅक घालतात आणि तो साधारण सात ते दहा दिवस ठेवतात. तो तीन दिवसांत पडला तर लगेच परत जायचं.

ओठाच्या बाजूच्या सुळ्याला मात्र नुसती खिडकी पाडणं चूक आहे. तिथली गुलाबी, घट्ट हिरडी कापून टाकली तर दात कायम सैल, लाल, मागे सरकणाऱ्या त्वचेतून डोकावत राहतो. दोन-तीन मिलिमीटर घट्ट हिरडीची पट्टी राखून तीच वर सरकवून दातावर बसवायची असते, किंवा बंद पद्धत वापरायची असते. लेझरनं ‘पाच मिनिटांत उघडून देतो’ असं कोणी म्हणालं, तर आधी विचारा की घट्ट हिरडी किती उरणार.

ओढणं एक-दोन आठवड्यांत सुरू व्हावं. जोर हलका, ५० ते ६० ग्रॅमच्या आसपास. पहिल्यांदा दात शेजारच्या मुळापासून दूर न्यायचा, मग कमानीकडे वळवायचा. थेट मोकळ्या जागेकडे सर्वांत जवळच्या वाटेनं ओढलं तर मधे शेजारचं मूळच आडवं येतं. कमानीपर्यंत यायला बहुतेकदा सहा महिन्यांपासून वर्षभर, आणि सगळ्या तारा निघेपर्यंत दीड-दोन वर्षं लागतात. कुणी चार महिन्यांत सगळं उरकण्याचं वचन देत असेल तर ते खरं मानू नये.

बिघडतं तेव्हा त्याची खूण ओळखता येते. तीन-चार महिने ओढूनही साखळीची कडी एकही कमी झाली नाही, आणि शेजारचे दात मात्र वर सरकून समोरच्या दातांपासून सुटले, तर सुळा हाडाला चिकटला असण्याची दाट शक्यता आहे. जोर वाढवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. पुन्हा स्कॅन पाहायचा, बटण आणि दिशा तपासायची, आणि चिकटलेलाच असेल तर काढण्याचा किंवा तसाच सोडण्याचा निर्णय घ्यायचा. वय वाढतं तसं अपयश वाढतं, तिशीनंतर स्पष्टपणे. म्हणून प्रौढ रुग्णाला संमतीपत्रावर सही घेण्याआधी ‘हा दात कदाचित येणारच नाही’ हे सांगणारी सेवाच प्रामाणिक.

काढून टाकायचा तर

टाळूत आडवा, मूळ वाकडं, शेजारच्या मुळांना धोका आणि ओढण्यासारखी दिशाच नाही, तेव्हा सुळा काढतात. अखंड उपसायचा प्रयत्न म्हणजे हाडाचं नुकसान. मुकुट मानेशी बरनं तोडून आधी बाहेर काढायचा, मग त्या पोकळीत मूळ पुढे सरकवून घ्यायचं. पटाशीच्या दातांवर एलिव्हेटरचा टेकू घेणारा हात पाहिला की समजावं, तिथे घाई चालू आहे. काढल्यावर टाळूचा फ्लॅप खाली लोंबतो आणि त्यामागे रक्त साचतं. आधीच माप घेऊन बनवलेली अॅक्रिलिकची प्लेट दोन-तीन दिवस लावली तर हा त्रास टळतो. ही प्लेट तयार ठेवणं पूर्वतयारीचं लक्षण आहे.

मेसिओडेन्समध्ये सर्वांत भयंकर चूक म्हणजे चुकीचा दात काढणं. न उगवलेला खरा पटाशीचा दात जादा समजून काढला गेला तर मुलाचं आयुष्यभराचं नुकसान. कधी दोन जादा दात असतात आणि एक मागे राहतो. म्हणून फोटो समोर लावून दात मोजल्याशिवाय चीर नाही. वेळेबद्दल मतभेद आहेत. लवकर, म्हणजे सहा-सातच्या आधी काढला तर पटाशीच्या दातांची अर्धवट मुळं दुखावण्याची भीती. उशीर केला तर ते दात अडून राहतात किंवा फाकतात. पटाशीचे दात अडलेले दिसत असतील तर आम्ही थांबण्याच्या बाजूनं नाही. अडथळा निघाल्यावर जागा असेल तर बरेचसे दात स्वतःहून उतरतात, त्यासाठी सहा महिने ते वर्षभर धीर धरावा लागतो. उंच, उलटा, कुणाच्याही वाटेत नसलेला मेसिओडेन्स मात्र नुसता नजरेखाली ठेवला तरी चालतो.

मधली रेषा ओलांडून गेलेल्या खालच्या सुळ्याचा एक बारकावा सांगायलाच हवा. दात उजवीकडे पोहोचला तरी त्याची नस जिथून तो निघाला त्या डाव्या बाजूचीच असते. दिसतो त्या बाजूलाच भूल दिली तर बर लागताच रुग्ण कळवळतो, आणि ‘भूल लागत नाही’ असा शेरा पडतो. मूळच्या बाजूची नस बधिर करायला हवी.

नाक, सायनस आणि सांधा

एकाच नाकपुडीतून दुर्गंधी स्राव, सतत एकीकडेच नाक बंद, वरचेवर घोळणा फुटणं: मोठ्या माणसात ही लक्षणं कित्येकदा वर्षानुवर्षं सर्दी समजून औषधांवर काढली जातात. दुर्बिणीतून नाकाच्या तळाशी पांढरा, टणक उंचवटा दिसतो. तो दात असू शकतो, नाकातला खडा असू शकतो, अडकलेली वस्तूही असू शकते. सीटीमध्ये दाताचं इनॅमल आणि मधली पोकळी ओळखू येते. हे काम कान-नाक-घसा तज्ज्ञाचं. पूर्ण भुलीखाली, आकसवणाऱ्या औषधाचे बोळे ठेवून, भोवतीची त्वचा सोडवून दात चिमट्यानं हलवत पुढच्या बाजूनं काढतात. मागे घसरून घशात पडू नये म्हणून घशात पॅक ठेवलेला असतो, आणि शेवटी तो मोजून बाहेर काढणं हे दात काढण्याइतकंच महत्त्वाचं. रुग्णाला बाहेरून टाका नाही, व्रण नाही, त्रास बहुतेकदा तिथेच संपतो. मूळ टाळूच्या हाडात खोल असेल तर मात्र टाळूला भोक राहण्याचा धोका आधीच तपासायला हवा.

सायनसमधल्या दाढेसाठी जुना मार्ग कॉल्डवेल-लुक, १८९३ आणि १८९७ साली स्वतंत्रपणे मांडला गेलेला. वरच्या ओठाखालून, सुळ्याच्या वरच्या हाडात खिडकी पाडून आत जायचं. नवा मार्ग नाकातून दुर्बिणीनं. नव्याचं कौतुक योग्यच आहे, सूज कमी, गालाचा बधिरपणा कमी. पण मोठ्या गाठीसह सायनसच्या पुढच्या भिंतीला चिकटलेली अख्खी दाढ नाकाच्या चिंचोळ्या वाटेनं काढण्याचा हट्ट बरोबर नाही. तिथे जुनी खिडकीच सरळ पडते. गाठीचं अस्तर एकसंध निघालं पाहिजे आणि ते पॅथॉलॉजीला गेलंच पाहिजे. डेन्टिजेरस सिस्टसारखी दिसणारी गाठ कधीकधी केराटोसिस्ट किंवा अमेलोब्लास्टोमा, म्हणजे जबड्यातली पुन्हा उद्भवू शकणारी जास्त त्रासदायक गाठ, निघते, आणि मग पुढचा सगळा बेत बदलतो. काढलेली पिशवी कचऱ्यात टाकणाऱ्या ठिकाणाला आम्ही नापास करतो, बाकी काम कितीही सफाईचं असो.

सायनस उघडला गेला असेल तर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, स्ट्रॉनं प्यायचं नाही. पाणी पिताना ते नाकातून आलं तर तोंड आणि सायनस यांच्यामध्ये वाट राहिलीय. ही वाट लवकर बंद केली तर सोपी जाते.

जबड्याच्या सांध्याजवळची दाढ दुर्मीळ आणि अवघड. तोंडातून गेलं तर व्रण नाही पण हात पोहोचत नाही. कानापुढून गेलं तर दात समोर येतो, पण चेहऱ्याच्या नसेच्या फांद्या वाटेत असतात. हाड पोकळ झाल्यानं नंतर चार ते सहा आठवडे मऊच खायचं. जबडा मोडतो तो बहुतेकदा टेबलावर नव्हे, दोन-चार आठवड्यांनी, बरं वाटू लागल्यावर काहीतरी कडक चावताना.

खालच्या अक्कलदाढेचं मूळ नसेला भिडलं असेल तर कोरोनेक्टॉमी हा पर्याय विचारून घ्या. मुकुट कापून मुळं हाडाच्या कडेखाली तीन-चार मिलिमीटर सोडून द्यायची. कापताना मुळं हलली, किंवा आधीपासून पू असेल, तर ही पद्धत चालत नाही. नंतर मुळं हळूहळू वर सरकतात आणि थोड्या जणांत पुन्हा काढावी लागतात, पण तोवर ती नसेपासून दूर आलेली असतात.

हात न लावण्याची सेवा

ब्रिटनच्या नाइस (NICE) या उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेनं २००० सालीच सांगितलं की आजार नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा काढू नयेत. टाळूतल्या किंवा हनुवटीतल्या गप्प दातालाही आम्ही हाच विचार लावतो. पिशवी रुंद नाही, शेजारची मुळं शाबूत, दात खोल, वय चाळिशीपुढे: सोडून द्या. पण सोडणं म्हणजे विसरणं नव्हे. पहिला फोटो वर्षानं, तसाच असेल तर पुढे काही वर्षांनी एकदा, आणि आधीच्या फोटोशेजारी ठेवून तुलना. पिशवी वाढली, मूळ झिजू लागलं, सूज आली, किंवा त्याच जागी इम्प्लांट बसवायचं ठरलं, तर निर्णय बदलतो. ज्या ठिकाणी जुना फोटो जपून ठेवला जात नाही, तिथे ‘लक्ष ठेवू’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही. फोटोची प्रत स्वतःकडे घ्या.

भलत्या जागचा दात काढून योग्य जागी रोवण्याचा पर्याय कमी ठिकाणी मिळतो. मूळ दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश बनलेलं आणि टोक उघडं असेल तर तो उत्तम चालतो, रक्तपुरवठा पुन्हा जुळतो. टोक बंद झालेल्या दातात एक-दोन आठवड्यांत रूट कॅनल सुरू करावी लागते. दात तोंडाबाहेर जितका कमी वेळ राहील तितकं चांगलं, मुळाला बोट लागता कामा नये, आणि आधाराची तार लवचिक हवी. घट्ट जखडून ठेवलेला दात हाडाला चिकटतो.

सुळा कमानीत आल्यावरही काम उरतं. टाळूकडून आणलेला सुळा परत आत वळू पाहतो, म्हणून मागच्या बाजूनं चिकटवलेली बारीक तार दीर्घकाळ हवी. हिरडीची खोली मोजायची, दात जिवंत आहे का तपासायचं, रंग काळपटला तर फोटो. आणि ज्या पटाशीच्या दाताचं मूळ सुळ्यानं खाल्लं होतं, त्याचं काय, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. सुळा दूर गेला की झीज बहुतेकदा थांबते, आणि मूळ आखूड झालेला दातही पुढे कित्येक वर्षं टिकतो. तो आधीच काढून सुळ्याला जागा करून देण्याचा सल्ला मिळाला असेल, तर सही करण्याआधी दुसऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टला स्कॅन दाखवा.